शिक्षा गेल्या, शब्द राहिले

प्रत्येक एकत्र कुटुंबांत दिवसांतून एकदां तरी एक लहानसें न्यायालय भरत असतें, आणि त्या न्यायालयाची भाषा फार जुनी असते. धाकटा भाऊ थोरल्याच्या कामांत ‘खोडा’ घालतो. वहिनींच्या सहनशीलतेचा ‘कडेलोट’ होतो. वाण्याचा ‘तगादा’ सुरू होतो. चिरंजीव परीक्षेच्या ‘दिव्या’तून पार पडतात आणि यथाकाळीं ‘चतुर्भुज’ होतात. हे शब्द उच्चारतांना कोणाच्याहि अंगावर कांटा उभा राहत नाहीं. परंतु हे सारे शब्द एके काळीं चावडीवर, बंदिखान्यांत किंवा वधस्थानीं वावरलेले आहेत. त्यांच्या मागें खरा लांकडी ओंडका होता, खरा तुटलेला कडा होता, खरोखर उकळणारें तेल होतें. कालांतरानें त्या शिक्षा बंद पडल्या. शब्द मात्र आमच्या माजघरांत येऊन राहिले आणि सोज्वळ झाले. या महिन्यांत अशा कांहीं शब्दांची मूळ ओळख करून घ्यावी, आणि ती करून घेतांना एक अवघड प्रश्नहि आपल्या घरापुरता विचारून पाहावा, असा आमचा मानस आहे.

प्रथम कडेलोटच घेऊं. रायगडावरील टकमक टोक आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. अपराध्यास तेथून खालीं लोटून देत, असें परंपरा सांगते. किल्ल्यावर फांशीचा खांब उभारण्याची यातायात नको आणि तरवारीस धार लावण्याचीहि नको. कडा हाच मारेकरी. आज ‘दुःखाचा कडेलोट झाला’ असें आपण लिहितों तेव्हां मर्यादा ओलांडली गेली एवढाच अर्थ उरतो. लोटणारा कोण आणि लोटला जाणारा कोण, हें त्या शब्दांतून केव्हांच गळून गेलें आहे. ‘सुळावरची पोळी’ ही म्हणहि अशीच. जमिनींत पुरलेल्या अणकुचीदार खांबावर माणूस चढवीत, त्या खांबाच्या टोंकावरची पोळी काढून खाणें म्हणजे जिवावर उदार होऊन लाभ साधणें. ‘हत्तीच्या पायीं देणें’ हा प्रयोग आतां मागें पडला. ‘तोफेच्या तोंडीं देणें’ मात्र वृत्तपत्रांतून जिवंत आहे, आणि वरिष्ठांची चूक एखाद्या गरीब कारकुनाच्या माथीं मारली गेली म्हणजे तो हटकून आठवतो. ही शिक्षा एतद्देशीय राजवटींत होतीच. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सेनाधिकाऱ्यांनींहि ती सर्रास योजिली.

खोडा म्हणजे दोन जड लांकडें एकावर एक बसवून त्यांतील भोकांत अपराध्याचे पाय अडकवून ठेवण्याचें साधन. झाडाच्या खोडावरून हें नांव पडलें. आतां मौज अशी कीं, ‘तुरुंग’ हा आपला नित्याचा शब्दहि एका खोडाचाच वंशज आहे. पोर्तुगीज भाषेंत झाडाच्या खोडास ‘त्रोंकु’ म्हणतात. त्यावरून पाय अडकविण्याच्या खोड्यास आणि पुढें बंदिशाळेसहि तेंच नांव मिळालें. कोंकणांत आणि गोमंतकांत पोर्तुगीजांशीं संबंध आला तेव्हां तो शब्द मराठींत शिरला व ‘तुरुंग’ होऊन बसला. दूरदूरच्या दोन भाषांनीं माणसास डांबण्याच्या साधनाला एकाच वस्तूवरून नांव द्यावें, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. ‘मुसक्या आवळणें’ म्हणजे दंड पाठीमागें ओढून करकचून बांधणें. हातांत बेड्या पडलेल्या माणसास ‘चतुर्भुज झाला’ असें थट्टेनें म्हणत. नवऱ्या मुलासहि तेंच विशेषण लावतात, आणि दोन्ही प्रसंगांतील साम्य घरोघरच्या अनुभवी मंडळींस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

शरीरास फारशी इजा न करतां माणसास जन्माची लाज लावणारी शिक्षा म्हणजे धिंड. डोक्यावर पांच पाट काढावयाचे, तोंडास काळें फांसावयाचें, गाढवावर उलटें बसवावयाचें, गळ्यांत खेटरांची माळ घालावयाची आणि गांवांतून वाजतगाजत फिरवावयाचें. मनुस्मृतींत दंडाचे चार प्रकार सांगितले आहेत: वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि वधदंड. म्हणजे पहिली पायरी समज देण्याची, दुसरी धिक्काराची, तिसरी दंड वसूल करण्याची आणि चौथी शरीरास हात घालण्याची. या वधदंडांत केवळ प्राण घेणेंच नव्हे, तर अवयव तोडणेंहि येतें. १६४६ सालीं रांझें गांवच्या पाटलानें एका स्त्रीशीं बदअमल केला, तेव्हां शिवाजीमहाराजांनीं त्याचे हातपाय तोडविले; चारी अवयव तोडण्याच्या या शिक्षेस ‘चौरंग करणें’ म्हणत. पाटील म्हणजे गांवचा धनी. त्याची गय झाली नाहीं म्हणून तो कागद आज महाराष्ट्रास प्रिय आहे. शिक्षेच्या कठोरपणापेक्षां ती कोणास झाली यांत त्याचें मोल आहे. हें सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

शिक्षेपूर्वीं न्याय व्हावयाचा. तो कसा होई? वतनाचा, शिवेचा किंवा वांटणीचा तंटा निघाला म्हणजे गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, अलुतेदार-बलुतेदार अशी सारी गांवकरी मंडळी तींत असत. वादी तो ‘अग्रवादी’ आणि प्रतिवादी तो ‘पश्चिमवादी’. दोघेहि आपापली हकीकत लिहून देत. तिला ‘तकरीर’ किंवा ‘करीना’ म्हणत. सभेनें जो निर्णय द्यावा तो आपणांस मान्य राहील असें दोघांकडून आधींच लिहून घेत, आणि त्या कागदाचें नांव ‘राजीनामा’. राजी असल्याचा नामा तो राजीनामा. आज मंत्री किंवा मास्तर नाराज होऊन जागा सोडतो तेव्हां त्याच्या पत्रास हें नांव मिळतें, हा शब्दांच्या नशिबाचा खेळ आहे. निर्णय झाला म्हणजे महजर किंवा निवाडपत्र होई आणि त्यावर सभासदांच्या निशाण्या पडत: पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, याप्रमाणें ज्याच्या त्याच्या धंद्याचें चिन्ह. हरणाऱ्यास आपण हरल्याचें ‘यजितपत्र’ लिहून द्यावें लागे. जिंकणारा सरकारांत ‘हरकी’ किंवा ‘शेरणी’ भरी, आणि हरणारा भरी ती ‘गुन्हेगारी’. गुन्हेगारी म्हणजे त्या काळीं दंडाची रक्कम. आज ‘शहरांत गुन्हेगारी वाढली’ असें आपण वाचतों. जुना एखादा कारभारी तें वाचता तर सरकारचा वसूल वाढला म्हणून आनंदलाच असता.

शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले, तरीहि चावडीवरचे हे फारशी शब्द हटले नाहींत. न्यायाची भाषा लोक सहसा बदलूं देत नाहींत. ज्या शब्दानें आपलें वतन सिद्ध झालें तो शब्द परका असला तरी घरचाच वाटतो.

साक्षीपुराव्यानें उलगडा न झाला तर दिव्य. त्यांत ‘रवा काढणें’ हा प्रकार विशेष प्रचारांत होता. दिव्य करणाराचे हात धुऊन, नखें काढून, ते पिशवींत बांधून त्यावर मोहर करीत, म्हणजे त्यानें हातांस कांहीं लावून ठेवलें अशी शंका नको. मग उकळत्या तेल-तुपांतून धातूचा रवा उघड्या हातानें काढावयाचा. नंतर हात पुन्हां बांधून मोहर होई आणि तिसऱ्या दिवशीं पंचांसमक्ष पिशवी उघडून पाहत. हात भाजला नसला तर तो खरा. आज आपण याला भोळेपणा म्हणतों, आणि तो होताहि. परंतु या विधींतली मोहर, पंच आणि तिसऱ्या दिवसाची तपासणी पाहिली म्हणजे लबाडीस वाव राहूं नये यासाठीं किती बारकाईनें विचार केलेला होता तें दिसतें. दैवावर भरंवसा ठेवणारे आमचे पूर्वज माणसांवर मात्र डोळे मिटून भरंवसा ठेवीत नसत.

देण्याघेण्याच्या बाबतींत ‘तगादा’ हा नुसता निरोप नसे. सावकार किंवा सरकार ऋणकोच्या दारीं माणूस आणून बसवी. त्यास ‘मोहसल’ म्हणत, आणि त्याचा रोजचा खर्च ज्याच्या दारीं तो बसला त्यानेंच सोसावयाचा. याहून कठीण म्हणजे ‘धरणें’. धनको स्वतः दारांत उपाशी बसे आणि घरधन्यानेंहि अन्न घेऊं नये अशी त्यास अडचण घाली. बसणारा ब्राह्मण असला तर त्याच्या मृत्यूचें पाप घरावर येण्याचें भय. १८६० च्या इंडियन पिनल कोडांत ५०८ वें कलम ईश्वरी कोपाची भीति घालण्याविरुद्ध होतें, आणि त्याचें पहिलेंच उदाहरण दारांत धरणें धरून बसणाराचें दिलें होतें. पुढें हेंच धरणें सार्वजनिक चळवळींत आलें आणि सावकाराच्या हातचें शस्त्र मजुरांच्या व विद्यार्थ्यांच्या हातीं गेलें. शब्दाचें असें भाग्य क्वचितच उजळतें.

आतां एक शब्द असा कीं तो ऐकून आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल. ‘घटस्फोट’ म्हणजे नवराबायकोची फारकत असें आज आपण समजतों. परंतु धर्मशास्त्रांत घटस्फोट हा पतितास कुळांतून काढून टाकण्याचा विधि आहे. मनु व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींत त्याचें वर्णन आहे. आप्त गांवाबाहेर जमत आणि दासीकडून पाण्याचा घट उपडा करवीत. त्यानंतर त्या माणसाशीं बोलणें नाहीं, पंक्तीस बसणें नाहीं, दायभाग नाहीं. तो जिवंत असतांनाच त्याला मेल्याचें पाणी देऊन टाकलें, असा त्या विधीचा आशय. प्रायश्चित्त घेऊन तो परतला तर आप्त त्याच्याबरोबर स्नान करीत, नवा घट पाण्यांत टाकीत आणि त्यास पुन्हां घेत. मराठी राजवटींत अशा शुद्ध झालेल्या माणसास ‘शुद्धिपत्र’ देत. आज तेंच नांव पुस्तकाच्या शेवटीं छापखान्याच्या चुकांची यादी देतांना वापरतात. एका माणसाचें सारें आयुष्य ज्या कागदावर अवलंबून असे, त्याचें हें झालें! वाळीत टाकण्याची चाल मात्र कागदावरून गेली तरी व्यवहारांतून गेली नाहीं. म्हणूनच २०१६ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळास सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

येथवर वाचकांचें मनोरंजन झालें असेल. यापुढचा भाग तितका सुखाचा नाहीं.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलुखासंबंधीं एक मोठा अहवाल लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, विशेष क्रौर्य नसलें तर खुनास येथें देहान्त शिक्षा नसे, बहुधा दंडावर भागे. उलट वाटमारी करणारास बहुधा मरणाची शिक्षा होई. याचें कारण त्यानें असें दिलें आहे कीं, वाटमारी करणारे प्रायः हलक्या मानलेल्या जातींचे असत, आणि शिक्षा ठरवितांना गुन्ह्याच्या स्वरूपापेक्षां गुन्हेगाराच्या जातीकडे अधिक पाहत. ब्राह्मणास उघडपणें देहान्त शिक्षा देतां येत नसे. म्हणून एखादा ब्राह्मण कैदी नाहींसा करणें भाग पडलें, तर त्यास विष देत किंवा अपायकारक अन्न घालीत. अर्धें पीठ आणि अर्धें मीठ अशी भाकर हा त्यांतलाच एक उपाय.

एल्फिन्स्टन हा जेता होता, आणि जेत्याची साक्ष जपून घ्यावी हें खरें. परंतु याच अहवालांत त्यानें आमच्या पंचायतींची मनापासून तरफदारी केली आहे. सरसकट निंदा करण्याचा त्याचा हेतु नव्हता. त्याच काळांत त्याच्या स्वतःच्या देशांत दोनशेंहून अधिक गुन्ह्यांस फांशीची शिक्षा कायद्यानें सांगितलेली होती आणि चोरीपायीं माणसें फांशीं जात होतीं. म्हणून विलायतेचा न्याय सौम्य आणि आमचा क्रूर, असा हा प्रश्न नाहीं. ब्राह्मणाच्या देहान्त शिक्षेस असलेली मनाई तर आमच्याच ग्रंथांत लिहिलेली आहे: सर्व पापें केलेल्या ब्राह्मणाचाहि वध करूं नये, त्याचें मुंडन करावें, त्यास धनासह राष्ट्राबाहेर घालवावें, असें मनु सांगतो.

परंतु मनूनें याच अध्यायांत आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती आम्हांस सहसा कोणी ऐकवीत नाहीं. समजून उमजून केलेल्या चोरीचा दोष शूद्रास आठपट, वैश्यास सोळापट, क्षत्रियास बत्तीसपट आणि ब्राह्मणास चौसष्टपट, किंवा त्याहूनहि अधिक. सामान्य माणसास ज्या अपराधास एक कार्षापण दंड होईल त्यास राजाला सहस्र व्हावा, असेंहि तेथें आहे. ज्याचें ज्ञान अधिक त्याचा अपराध अधिक, हें तत्त्व कोणत्याहि देशास ललामभूत व्हावें असें आहे. दोन्ही वचनें एकाच ग्रंथांतलीं. त्यांतील सवलतीचें वचन राज्यकारभारांत पक्कें रुजलें; चौसष्टपटीचें वचन पोथींत राहिलें. असें कां झालें, याचें उत्तर देण्यास मोठ्या पांडित्याची गरज नाहीं. निवडणारे कोण होते एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

यांतही एक विसंगति विशेष टोंचणारी आहे. शिवेचा तंटा असला म्हणजे महाराची साक्ष मोलाची मानीत. शीव कोठून जाते हें त्यानें चालून दाखवावें आणि सभेनें तें मान्य करावें. म्हणजे सत्य काय हें ठरवावयास सारा गांव लागे, परंतु शिक्षा किती हें ठरवितांना तराजू बदले.

स्त्रियांस देहान्त शिक्षा देत नसत, असें एल्फिन्स्टननेंच लिहिलें आहे. परंतु दीर्घ कैद आणि नाक-कान कापणें या शिक्षा त्यांच्या वांट्यास येत. ‘घराण्याचें नाक कापलें’ असें म्हणतांना तें नाक बहुधा कोणाचें असे, हें आतां सांगावयास नको. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या कित्येक स्त्रियांस सरकार कुणबीण करून किल्ल्यांवर व कारखान्यांत राबवी. त्यांस बटकी म्हणत. आज आपण ‘सत्तेची बटीक’, ‘पैशाची बटीक’ असे शब्दप्रयोग अग्रलेखांत निःशंकपणें करतों. ज्या बायकांनीं या शब्दाचें ओझें खरोखर वाहिलें त्यांचीं नांवें दप्तरांत एकेका ओळींत पडून आहेत.

अशा काळांत रामशास्त्री प्रभुणे यांचें मोठेपण कशांत आहे तें नीट उमजतें. ३० आगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मूळ आज्ञापत्रांत ‘धरावें’ असें होतें आणि कोणीतरी ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा लोकांच्या तोंडीं आहे. तिची सत्यता कशीहि असो, कागदावर एक अक्षर बदलल्यास काय होतें याची ती कायमची म्हण झाली. या खुनास प्रायश्चित्त काय, असें रघुनाथरावांनीं विचारलें तेव्हां देहान्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें रामशास्त्र्यांनीं सांगितलें आणि ते पद सोडून पुण्याबाहेर गेले, असें परंपरा सांगते. आमच्या घरांतून ही गोष्ट मुलांस धैर्याची म्हणून सांगतात. ती तशी आहेच. परंतु तींत आणखी एक अर्थ आहे: ब्राह्मण न्यायाधीशानें ब्राह्मण अधिपतीस, ब्राह्मणास देहान्त नाहीं ही ढाल वापरूं दिली नाहीं. शिक्षा अमलांत येणार नाहीं हें शास्त्रीबोवांस दिसतच असलें पाहिजे. निर्णय तरी खरा असावा एवढें त्यांच्या हातीं होतें, आणि तेवढें त्यांनीं केलें.

रामशास्त्री १७८९ सालीं वारले. त्यानंतर दोनच वर्षांनीं पुण्यांत घाशीराम कोतवालाचें प्रकरण झालें. कोतवालाच्या हुकमानें पुष्कळ तैलंगी ब्राह्मण एका अरुंद जागेंत कोंडले गेले आणि त्यांतील वीसांहून अधिक गुदमरून मेले. लोक खवळले. कोतवाल स्वतः ब्राह्मण. तेव्हां रीतसर चौकशी होऊन रीतसर शिक्षा व्हावयाची तर जुनी अडचण उभी. शेवटीं त्यास जमावाच्या हवालीं करण्यांत आलें. त्याची धिंड निघाली आणि लोकांनीं त्यास दगडांनीं ठेचून मारलें. ज्या राज्यांत कायद्याला कांहीं माणसांपर्यंत पोंचतां येत नाहीं, तेथें त्यांच्यापर्यंत दगड पोंचतो. सवलतीनें ब्राह्मणाचें रक्षण झालें, असेंहि मग म्हणतां येत नाहीं. मिठाची भाकर आणि पुण्यांतले दगड हीं त्या सवलतीचींच फळें होतीं.

इंग्रजी अमलांत हा भेद हळूहळू मोडला. त्याची सुरुवात न्यायानेंच झाली असेंहि नाहीं. १७७५ सालीं कलकत्त्यास महाराज नंदकुमार या ब्राह्मणास खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून फांशीं दिलें. त्या खटल्याच्या शुद्धतेविषयीं तेव्हांपासून आजवर शंका घेतली गेली आहे. पुढें १८२७ सालीं मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र झाले, १८६० सालीं पिनल कोड पसार झालें आणि १ जानेवारी १८६२ पासून तें लागू झालें. शिक्षेंतून जात गेली. तिच्या जागीं नवे शब्द आले: सक्तमजुरी, जन्मठेप, काळें पाणी. अंदमानची वसाहत १८५८ सालीं सुरू झाली. समुद्रापलीकडे नेऊन सोडणें ही शिक्षा येथील माणसास जातीस मुकविणारीहि होती, म्हणून तिचा धाक दुहेरी. स्वतंत्र भारतानें १९५५ सालीं कायदा करून काळ्या पाण्याची आणि फटक्यांची अशा दोन्ही शिक्षा रद्द केल्या.

परंतु समतेचा हा नवा कायदा करणाऱ्या गोऱ्यांनीं स्वतःपुरती सवलत राखून ठेविलीच होती. मुफसलांत एतद्देशीय न्यायाधीशापुढें युरोपियनाचा फौजदारी खटला चालवितां येत नसे. १८८३ सालीं इल्बर्ट बिल आलें तेव्हां गोऱ्या मंडळींनीं केवढा गहजब केला, आणि १८८४ सालीं निम्मे ज्यूरर युरोपियन किंवा अमेरिकन मागण्याचा हक्क पदरांत पाडून घेऊन ते कसे शांत झाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या वेळीं आमच्या सुशिक्षितांस वाटलेला संताप रास्त होता. परंतु एका जातीच्या माणसास त्याच्या जन्मामुळें वेगळा तराजू, हें तत्त्व आम्हांस अपरिचित नव्हतें. गोऱ्यांच्या हातीं तें पाहिल्यावर तें अन्यायाचें आहे हें आम्हांस चटकन दिसलें. आपल्या हातीं असतांना तें शास्त्र वाटत होतें. मनुष्यस्वभाव असाच आहे, म्हणून कोणास फार दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु तें ओळखावयास हवें.

आज राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदानें कायद्यापुढें सर्व समान आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या पिनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली; तिच्या ३५८ कलमांत शिक्षांच्या यादींत एक नवी शिक्षा आहे, ती म्हणजे समाजसेवा. किरकोळ अपराध्यास खोड्यांत किंवा तुरुंगांत न अडकवितां त्याच्याकडून लोकांच्या उपयोगाचें काम करून घ्यावें, ही कल्पना आम्हांस चांगली वाटते. तिचीहि परीक्षा पूर्वींच्याच कसोटीवर होईल: मोठ्या घरच्या मुलास समाजसेवा आणि गरिबाच्या मुलास कोठडी, असें होतें कीं काय, हें पाहावें लागेल.

आतां आरंभीं म्हटलेला अवघड प्रश्न. आमच्या घरांतून पेशवाईच्या न्यायाचा विषय निघाला म्हणजे रामशास्त्री आठवतात. मिठाची भाकर, बटकी आणि जातीप्रमाणें बदलणारा दंड आठवत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर किंवा जुन्या पेटींत मोडी कागदांचें दप्तर असेल. त्यांत सनद असेल, वांटणीपत्र असेल, आणि कदाचित् एखादें यजितपत्र, एखाद्या पूर्वजाच्या कैदेची याद किंवा घरांतल्या एखाद्या स्त्रीच्या बहिष्काराचा कागदहि असेल. सनद चौकटींत घालून दिवाणखान्यांत लावतात आणि दुसऱ्या प्रकारचा कागद वाचून कोणी वडील माणूस तो मुकाट्यानें बंबांत घालतें, असें व्हावयास नको. दोन्ही कागद त्याच घराचे आहेत. मोडी वाचणारा घरांत नसेल तर जाणत्याकडून ते वाचून घ्यावे, नकला कराव्या, आणि जपणें जमणार नसेल तर १९१० सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या स्वाधीन करावे. रांझ्याच्या पाटलाचा कागद कोणीतरी जपला म्हणून तीन शतकांहून अधिक काळानंतर त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. लाजेचे कागदहि तसेच जपले तर आमच्या नातवंडांस तो अभिमान डोळसपणें बाळगतां येईल.

आणि मुलांपैकीं कोणी ‘बटीक’ किंवा ‘कडेलोट’ असा शब्द बोलतांबोलतां वापरला, तर त्यास थांबवूं नये. जेवणें झाल्यावर जवळ बसवून त्या शब्दाची हकीकत मात्र सांगावी.